लंकावीत दोघांसाठी पाच रात्री: जंगल, समुद्र आणि निर्धास्त हलाल जेवण

बेटावर जायचंय, दोघांनाच निवांत राहायचंय, झाडापाण्यात हिंडायचंय आणि जेवायला बसल्यावर दर वेळी ‘यात काय घातलंय?’ असं विचारत बसायचं नाहीये, असं कुणी म्हटलं की मी पहिलं नाव लंकावीचं सांगते. मलेशियाच्या वायव्य टोकाला, थायलंडच्या हद्दीला लागून असलेला, केदाह राज्यातला हा ९९ बेटांचा समूह. २००७ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक जिओपार्कचा, म्हणजे भूवैज्ञानिक वारसा जपणाऱ्या प्रदेशाचा, दर्जा दिला, आग्नेय आशियातला पहिलाच. इथल्या माचिनचांग डोंगराचे खडक ५० कोटी वर्षांहून जुने आहेत आणि त्यावरचं दाट पावसाळी जंगल काही ठिकाणी थेट समुद्राच्या वाळूपर्यंत उतरतं. वस्ती बहुतांशी मलय मुस्लिमांची. त्यामुळे रत्नागिरी, श्रीवर्धन, मुंब्र्याकडच्या आपल्या मुस्लिम जोडप्यांना इथे जेवणासाठी वणवण करावी लागत नाही. इतरांनाही भात, मासे, नारळ आणि चिंच यांचं हे जेवण परकं वाटणार नाही.

मात्र एक गोष्ट तिकीट काढण्याआधीच मनाशी पक्की करा. लंकावीचं पाणी मालदीव किंवा लक्षद्वीपसारखं निळंशार, तळ दिसणारं नाही. किनाऱ्यालगतच्या कांदळवनांमुळे आणि गाळामुळे ते हिरवट असतं. फक्त निळ्या पाण्यासाठी जायचं असेल तर हे बेट तुमचं नव्हे. लंकावीची खरी श्रीमंती तिच्या जंगलात आहे. म्हणून मुक्काम कुठे करायचा, सकाळ कशी घालवायची, कोणत्या सहली सोडून द्यायच्या, हे सगळं जंगल धरून ठरवायचं. बहुतेक जोडपी उलटं करतात. आधी फोटो बघून हॉटेल घेतात, मग रोज दोन-दोन सहलींच्या मागे धावतात आणि ज्यासाठी गेलो ते राहूनच जातं.

आधी महिना ठरवा

डिसेंबर ते मार्च हे कोरडे महिने. आपल्याकडच्या लग्नसराईनंतर लगेच जाणाऱ्यांना ते सोयीचे पडतात. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस सर्वांत जास्त, पण तो आपल्या आषाढासारखा दिवसचे दिवस धरून बसत नाही. बहुतेकदा जोराची सर येते आणि जाते. त्या दिवसांत हॉटेलं स्वस्त असतात आणि धबधबे भरून वाहतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर धबधब्याला पाणी कमी दिसेल, हे लक्षात ठेवा.

दुसरा हिशोब रमजानचा. २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षी रमजान फेब्रुवारीत सुरू होतो, म्हणजे नेमका कोरड्या हंगामात. त्या महिन्यात मलय खानावळी दिवसा बंद असतात आणि मुस्लिमाने दिवसा उघड्यावर खाणं हा तिथे कायद्याने गुन्हा आहे. प्रवासात रोजा न ठेवण्याची मुभा तुम्ही घेतलीत, तरी खाणं खोलीतच उरका. संध्याकाळी भरणारे रमजान बाजार मात्र फार देखणे असतात आणि रोजे ठेवून शांतपणे राहणाऱ्या जोडप्याला तो काळ आवडेलही. फक्त तो ठरवून निवडलेला असावा, तिथे पोचल्यावर कळलेला नसावा. ईदच्या आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीत मलेशियातलीच कुटुंबं मोठ्या संख्येने येतात, तेव्हा दर चढतात आणि एकांत मिळत नाही. ते आठवडे टाळा.

कागदपत्रं आणि विमान

डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने भारतीयांना ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी व्हिसा माफ केला आहे. सवलत ठरावीक मुदतीची असल्यामुळे तिकीट काढायच्या दिवशी ती चालू आहे ना, हे सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं सरकारी नव्हेत.

नवविवाहितांनी विवाह नोंदणीचा दाखला किंवा निकाहनाम्याची प्रत सोबत ठेवावी, आणि फोनमध्येही. मलेशियात मुस्लिमांसाठी राज्यांचे शरियत कायदे आहेत आणि लग्न न झालेल्या मुस्लिम स्त्री-पुरुषाने एका खोलीत राहणं त्यात बसत नाही. पर्यटकांना सहसा कुणी विचारत नाही. पण पासपोर्टवर अजून माहेरचं नाव असेल, तर तो एक कागद जवळ असलेला बरा.

मुंबईहून क्वालालंपूर गाठून तिथून दुसरं विमान घ्यायचं. पुढचा प्रवास तासाभराचा आहे. दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर असतील तर चिंता नाही. वेगवेगळी काढलीत तर क्वालालंपूरला इमिग्रेशन करून, सामान उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं, आणि स्वस्त विमानं दुसऱ्या टर्मिनलवरून सुटतात. टर्मिनल एक आणि दोन यांच्यात रेल्वे आहे, तरी मध्ये चार तास तरी हातात ठेवा. मलेशियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतं. वेळ असेल तर मुख्य भूमीवरच्या क्वाला पर्लिस किंवा क्वाला केदाहहून फेरीबोटही आहे. ती कुआह शहराच्या धक्क्याला लागते.

मुक्काम कुठे

इथे घाई करू नका, कारण सगळी सहल यावर ठरते.

पांताय चेनांग हा सर्वांत गजबजलेला किनारा. स्वस्त खोल्या, जेट स्की, दुकानं, रात्री गाणीबजावणी. लंकावी १९८७ पासून करमुक्त बेट आहे, त्यामुळे दारू स्वस्त आणि चेनांगच्या रस्त्यावर ती उघड विकली जाते. ज्यांना हे वातावरण नको, त्यांनी तिथे फक्त जेवायला जावं. त्याला लागूनच दक्षिणेचा पांताय तेंगा बराच शांत आहे आणि खाण्याची ठिकाणं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. बजेट बेताचं असेल तर मी तेंगाच सुचवेन.

निसर्गासाठी वायव्येचा दाताईचा भाग किंवा उत्तरेचा तांजुंग ऱ्हू. दाताईला जंगल खोलीच्या खिडकीपर्यंत येतं, पण तिथली हॉटेलं अतिशय महाग. तांजुंग ऱ्हूला सुरूच्या झाडांची रांग, पांढरी वाळू आणि समोर समुद्रातून वर आलेले चुनखडीचे सुळके आहेत. ओहोटीच्या वेळी वाळूचा पट्टा लांबवर उघडा पडतो. संध्याकाळी तिथे हातात हात घालून चाललात तर कुणी वळून बघणार नाही. मिठ्या आणि चुंबनं मात्र खोलीसाठी राखून ठेवा, इथली माणसं सभ्यतेबाबत आपल्या गावांसारखीच आहेत.

माझा सल्ला असा की पाचपैकी तीन रात्री तेंगाला काढा आणि दोन रात्री उत्तरेच्या एखाद्या चांगल्या ठिकाणी. सगळा पैसा शेवटच्या दोन रात्रींवर खर्च करा.

हॉटेलला बुकिंगआधी थेट मेल करून चार गोष्टी विचारा. स्वयंपाकघराला हलाल प्रमाणपत्र आहे का? नाश्त्याच्या बुफेत सगळं हलाल असतं का? खोलीतल्या फ्रिजमधली दारू आधीच काढून ठेवाल का? आणि ‘प्रायव्हेट पूल’ म्हणजे शेजारच्या व्हिलातून किंवा वरच्या गच्चीतून दिसत नाही ना? या शेवटच्या प्रश्नाला पुष्कळ ठिकाणी गुळमुळीत उत्तर येतं. जिला मोकळेपणी पोहायचं आहे, तिच्यासाठी सगळा पैसा त्या एका उत्तरात आहे, तेव्हा स्पष्ट उत्तर येईपर्यंत विचारत राहा. सार्वजनिक पूल आणि किनाऱ्यावर बुर्किनी, म्हणजे अंगभर पोहण्याचा पोशाख, घातलेल्या स्त्रिया नेहमी दिसतात, त्याचं कुणाला नवल नाही. मलेशियाचं इस्लामिक टुरिझम सेंटर हॉटेलांना ‘मुस्लिम-फ्रेंडली’ अशी मान्यताही देतं. हॉटेलच्या पानावर ती आहे का ते बघा. किब्ल्याचा, म्हणजे नमाजच्या दिशेचा, बाण बहुतेक खोल्यांत छतावर किंवा खणात चिकटवलेला असतो.

परदेशी पर्यटकांकडून दर खोलीमागे दर रात्री १० रिंगिट (मलेशियाचं चलन) पर्यटन कर घेतला जातो. तो बहुधा हॉटेलवर वेगळा भरावा लागतो.

गाडी

बेटावर भरवशाची बससेवा नाही. ग्रॅब, म्हणजे ॲपवरून बोलवायची टॅक्सी, चालते, पण उत्तरेच्या जंगली भागातून परतीची गाडी मिळायला वेळ लागतो. म्हणून छोटी गाडी भाड्याने घेणं सोयीचं. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून, रस्ते उत्तम आणि दुपदरी. निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. संध्याकाळनंतर गावांतून सावकाश चालवा, गुरं रस्त्यावर बसलेली असतात.

जेवण: काय बघायचं, काय विचारायचं

मलेशियात हलाल प्रमाणपत्र जाकिम हे सरकारी खातं देतं. त्याचं चिन्ह गोल असतं, मध्ये आठ टोकांचा तारा आणि त्यात अरबी अक्षरांत ‘हलाल’. हे चिन्ह दारावर दिसलं की विषय संपला. पण प्रमाणपत्र घेणं ऐच्छिक आहे. त्यामुळे मलय बाई चालवते त्या टपरीवर, रात्रबाजारातल्या गाड्यावर किंवा गावातल्या खानावळीत ते बहुधा नसतंच, आणि तिथे ते शोधायचीही गरज नाही. मालक, आचारी आणि गिऱ्हाईक सगळेच मुस्लिम असतात.

गोंधळ होतो तो चेनांगच्या पाश्चात्त्य आणि चिनी धाटणीच्या रेस्टॉरंटांत. तिथे ‘नो पोर्क’ अशी पाटी असते. त्याचा अर्थ डुकराचं मांस नाही, एवढाच. कोंबडी कुठून आली, सॉसमध्ये वाइन आहे का, त्याच तव्यावर आणखी काय भाजतात, याबद्दल ती पाटी काहीही सांगत नाही. विचारायला संकोच करू नका. ‘हलाल का?’ असं आपल्या उच्चारात विचारलंत तरी समजतं आणि उत्तर सरळ मिळतं. काही ठिकाणी स्वयंपाकघर हलाल असतं पण बार वेगळा चालतो. तिथे बसायचं की नाही, हे दोघांनी आधीच बोलून ठेवा म्हणजे दारात उभं राहून वाद होत नाही.

सकाळी रोटी चनाई खा. घडीची, कडा कुरकुरीत, सोबत पातळ डाळीची वाटी आणि तेह तारिक म्हणजे उंचावरून ओतून फेसाळलेला दुधाचा चहा. दुपारी नासी चाम्पुर. याची पद्धत नवख्याला बावरवते, म्हणून नीट सांगते. दारात ताटं ठेवलेली असतात. कुणी वाढायला येत नाही. आपण ताट घ्यायचं, भात वाढून घ्यायचा आणि मग वीस-पंचवीस पातेल्यांसमोरून चालत जायचं: तळलेले मासे, नारळाच्या दुधातली कोंबडी, कोळंबी, भोपळ्याची भाजी, कच्च्या पानांची टोपली आणि तिच्याशेजारी मिरचीची लाल चटणी. हवं ते हवं तेवढं घ्या. मग गल्ल्यावरची बाई ताटाकडे एकदा नजर टाकते आणि आकडा सांगते. वजन नाही, यादी नाही. मोठा मासा किंवा मोठी कोळंबी घेतलीत तर आकडा वाढतो, हे धरून चाला. बाराच्या सुमारास जा. दोननंतर पातेली रिकामी होतात.

त्या लाल चटणीत बेलाचान असतं, म्हणजे कोळंबीचा आंबवून वाळवलेला गोळा. सुकट-जवळ्यावर वाढलेल्या कोकणी माणसाला तो वास घरचा वाटेल. शाकाहाऱ्यांनी मात्र सावध राहावं, कारण पालेभाजीतही बेलाचान किंवा सुके बारीक मासे असू शकतात. दोघांपैकी एक शाकाहारी असेल तर कुआहमधल्या तमिळ खानावळींत केळीच्या पानावर जेवण मिळतं, आणि रोटी-डाळ कुठेही.

रात्रीसाठी इकान बाकार: मासा मसाला लावून, केळीच्या पानात निखाऱ्यावर भाजलेला, सोबत चिंचेचं आंबट-तिखट पाणी. मासा वजनावर असतो, तेव्हा भाजायला टाकण्याआधी वजन आणि दर विचारून घ्या. केदाहचा लाक्साही चुकवू नका. माशाच्या आंबट रश्श्यातल्या तांदळाच्या शेवया, वर कांदा-काकडी.

रात्रबाजार दररोज वेगळ्या गावात भरतो. बुधवारी आणि शनिवारी कुआह, गुरुवारी चेनांगजवळ तेमोयोंग, रविवारी विमानतळाजवळ पादांग मातसिरात. संध्याकाळी सहाच्या आसपास जा, सुटे पैसे ठेवा, आणि एकाच गाड्यावर पोट भरू नका. साते (काडीवर भाजलेलं मांस), मुर्तबाक (सारण भरलेली रोटी), शेंगदाण्याचं सारण भरलेली आपाम बालिक, उसाचा रस असं थोडं थोडं घेऊन किनाऱ्यावर न्या. महागड्या मेणबत्तीच्या जेवणापेक्षा मला हे कितीतरी जास्त आवडतं.

केदाहमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. शुक्रवारी जुम्माच्या नमाजच्या वेळी, साधारण एक ते अडीच, स्थानिक दुकानं बंद असतात. कुआहच्या धक्क्याजवळची अल-हाना मशीद पाहुण्यांना सवयीची आहे. विमानतळ, मॉल आणि पर्यटनस्थळांवर ‘सुराऊ’ अशी पाटी दिसेल, ती नमाजची खोली.

दिवस कसे लावायचे

सूर्य इथे उशिरा, सातच्या पुढे उगवतो आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास मावळतो. म्हणजे फजर, पहाटेची नमाज, आटोपून सावकाश निघालात तरी जंगल जागं होतानाची वेळ साधते.

एक सकाळ दाताईच्या रस्त्याला द्या. गाडी बाजूला लावा, खाली उतरा आणि बोलू नका. डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं असलेली राखी माकडं पानं खात बसलेली दिसतात. त्यांची पिल्लं केशरी रंगाची असतात. काळसर आईच्या पोटाला बिलगलेलं ते पिल्लू एकदा दिसलं की पुढचा अर्धा तास तुम्ही तिथून हलत नाही. महाधनेश आपल्या कोकणात आणि गोव्यातही आहे, पण इथे तो सहज दिसतो. उडताना त्याच्या पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा येतो, त्यामुळे आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. गुनुंग राया, ८८१ मीटर उंचीचा इथला सर्वांत उंच डोंगर, त्याच्या घाटरस्त्यावरही ते असतात. जाणकार वाटाड्या घेऊन रात्रीची जंगलफेरी केलीत तर कोलुगो दिसण्याची शक्यता चांगली. हा मांजराएवढा प्राणी दिवसभर खोडाला चिकटून बसतो आणि अंधार पडला की पायांमधली कातडी ताणून एका झाडावरून दुसऱ्यावर तरंगत जातो.

दुसरी सकाळ किलिमच्या कांदळवनाची. चुनखडीच्या उभ्या कड्यांमधून खाड्या वळत जातात, कड्यांच्या पायथ्याशी खारफुटीची मुळं, ओहोटीला चिखलात निवट्या आणि खेकडे. नाव पूर्ण भाड्याने, तासांवर घेतात, म्हणून दोघांसाठीच घ्या. ब्राह्मणी घारी, ज्या आपल्या बंदरांवरही घिरट्या घालतात, इथे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांना जवळ आणायला काही नाववाले कोंबडीची कातडी पाण्यात फेकतात. त्याने पक्ष्यांची शिकारीची सवय मोडते. निघण्याआधीच सांगा की खायला टाकायचं नाही, त्याऐवजी एखाद्या अरुंद खाडीत इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबवा. कयाक मिळाली तर त्याहून उत्तम. परतताना तरंगत्या मत्स्यशेतीवर जेवता येतं. मासा निवडा, दर ठरवा, मग बसा.

माचिनचांगची केबल कार वर साधारण ७०० मीटरपर्यंत नेते आणि तिथे १२५ मीटर लांबीचा वळणदार झुलता पूल आहे. ढग असले तर वरून काहीच दिसत नाही, म्हणून तिकीट आधीपासून पक्कं न करता त्या सकाळी आकाश बघून ठरवा; वारा किंवा दुरुस्तीमुळे ती बंदही असते. तिथूनच जवळ तेलागा तुजुह, सात कुंडांचा धबधबा. पायऱ्या पुष्कळ आहेत आणि वरचे खडक शेवाळाने निसरडे, तेव्हा कुंडाच्या कडेला फोटोसाठी जाऊ नका. पिशवीतलं खाणं आत ठेवा, माकडं हिसकावतात.

चार तासांची ‘आयलंड हॉपिंग’ सहल सगळे विकतात. दायांग बुंतिंग बेटावरचं गोड्या पाण्याचं तळं खरोखर सुंदर आहे, पण सगळ्या नावा एकाच वेळी तिथे उतरतात. जायचंच तर दुपारची फेरी घ्या. नाही गेलात तरी हळहळायचं कारण नाही.

बाकीचे दोन दिवस मोकळे सोडा. दुपारी ऊन भाजतं, तेव्हा खोलीत राहा. चारनंतर पासिर तेंगकोराक नावाच्या छोट्या, झाडीत लपलेल्या किनाऱ्यावर जा; शुक्रवार-शनिवार सोडून तिथे गर्दी नसते. पाण्यात उतरण्याआधी जेलीफिशचा फलक आहे का ते बघा. बॉक्स जेलीफिश इथल्या पाण्यात आढळते आणि तिचा दंश जिवावर बेतू शकतो. दंश झालाच तर चोळू नका, भरपूर व्हिनेगर ओता आणि लगेच दवाखाना गाठा. पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाख असेल तर धोका बराच कमी होतो.

बुकिंगचा क्रम

आधी शेवटच्या दोन रात्रींचं उत्तरेचं हॉटेल पक्कं करा, कारण तिथल्या खोल्या मोजक्या. मग विमान, मग तेंगाची खोली, मग गाडी. जंगलफेरीचा वाटाड्या आठवडाभर आधी ठरवा. नाव आणि केबल कार तिथे जाऊन. परतीच्या दिवशी विमान दुपारनंतरचं घ्या, म्हणजे कुआहच्या करमुक्त दुकानांतून घरच्यांसाठी चॉकलेटं घेता येतील. भेटीचे डबे चेक-इनच्या बॅगेत टाका आणि भाड्याची गाडी विमानतळावरच परत करा.